मरणाची कारणं आणि उद्याचे आकडे: कारणनिहाय मृत्युदराच्या अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्राचे विद्यार्थी, विमा क्षेत्रातले ॲक्चुअरी (म्हणजे जोखमीचा हिशेब मांडणारे), जिल्हा पातळीवर आरोग्याचे आकडे सांभाळणारी मंडळी आणि अधूनमधून एखादा पत्रकार, असे सगळे मिळून मला जे तेच तेच प्रश्न पाठवतात ते इथं एकत्र केले आहेत. फक्त पद्धतींची तुलना हवी असेल तर प्रश्न ५ पासून सुरुवात केली तरी चालेल. पण ३ आणि ४ गाळून पुढे गेलेले बहुतेक जण महिनाभरानं पुन्हा तिथंच येतात, हा अनुभव आहे.

१. एकूण मृत्युदराचा अंदाज काढता येत असताना कारणनिहाय अंदाजाची गरजच काय?

कधी कधी खरंच गरज नसते. निवृत्तिवेतन निधीला माणूस किती वर्षं जगेल एवढंच हवं असतं. तो कशानं गेला याच्याशी निधीला देणंघेणं नाही. अशा वेळी कारणांत शिरणं म्हणजे नसती उठाठेव, आणि त्यातून अंदाज बिघडण्याचीही शक्यता असते (प्रश्न ६ पाहा).

डायलिसिसची केंद्रं किती लागतील, कर्करोगाच्या खाटा कुठे वाढवाव्यात, अपघातातल्या जखमींसाठी ट्रॉमा केंद्र आधी की हृदयविभाग आधी, हे प्रश्न असतील तर मात्र एकूण आकडा काहीच सांगत नाही. दोन तालुक्यांचा मृत्युदर सारखा असू शकतो, आणि तरी एकात तरुण पोरं रस्त्यावर जात असतील नि दुसऱ्यात म्हातारी माणसं पक्षाघातानं.

२. 'प्रक्षेपण' आणि 'अंदाज' एकच ना?

बोलताना एकच, कामात वेगळे. प्रक्षेपण म्हणजे 'हे असंच चालू राहिलं तर काय होईल' याचं गणित. तंबाखूचं प्रमाण निम्म्यावर आलं तर काय, हेही प्रक्षेपणच. अंदाज म्हणजे 'माझ्या मते हे होईल, आणि माझी चूक साधारण एवढी असू शकते' असं सांगणं. चुकीची रुंदी न सांगता दिलेला आकडा मी अंदाज मानत नाही. त्या रुंदीबद्दल प्रश्न १२ मध्ये.

३. मृत्यूचं कारण ठरवतं कोण? त्या आकड्यांवर किती विसंबायचं?

कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दोन भाग असतात. पहिल्या भागात साखळी लिहायची: वर तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे झालं ते, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी झाली, त्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढलं आणि हृदय थांबलं, तर हा मृत्यू मधुमेहाच्या खात्यात जायला हवा.

प्रत्यक्षात प्रमाणपत्रावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढंच लिहिलेलं असतं. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते! अशा निरुपयोगी नोंदींना या क्षेत्रात सरळ 'कचरा कोड' म्हणतात. हा कचरा दरवर्षी त्याच प्रमाणात असता तरी चाललं असतं. पण प्रशिक्षण सुधारलं की तो कमी होतो, आणि मग खऱ्या कारणांचे दर वाढल्यासारखे दिसतात. मॉडेल त्यालाच आजाराची वाढ समजतं.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्यासाठी नमुना ४अ. तरीही २०२० मध्ये देशात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंनाच कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. गोव्यात हे प्रमाण शंभर टक्क्यांच्या आसपास असतं. महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा बरा, पण गोव्याच्या पुष्कळ मागे. शिवाय प्रमाणपत्र मिळालेले मृत्यू प्रामुख्यानं शहरी रुग्णालयांतले, त्यामुळे ते सगळ्या मृत्यूंचे प्रतिनिधी नव्हेत.

उरलेल्यांसाठी 'मौखिक शवविच्छेदन' हा मार्ग आहे. प्रशिक्षित माणूस घरी जाऊन नातेवाइकांशी बोलतो, शेवटच्या दिवसांची हकिगत लिहून घेतो, आणि दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचून कारण ठरवतात. महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या गटानं केलेला 'मिलियन डेथ स्टडी' याच पद्धतीनं झाला. बालमृत्यू, अपघात, क्षयरोग अशा ठळक कारणांना ही पद्धत चांगली. ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी मात्र तिची धार बोथट होते.

४. आलेखात एखाद्या वर्षी अचानक पायरी दिसते. आजार खरंच वाढला की मोजणी बदलली?

आधी मोजणीवर संशय घ्या. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती अमेरिकेनं १९९९ मध्ये मृत्यूंच्या नोंदीसाठी वापरायला घेतली, इंग्लंड आणि वेल्सनं २००१ मध्ये. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे आणि देश आपापल्या गतीनं तिकडे वळताहेत, म्हणजे पुढच्या काही वर्षांत नव्या पायऱ्या येणारच.

पायरी केवढी असते? अमेरिकेनं तेच मृत्यू जुन्या आणि नव्या, दोन्ही नियमांनी कोड करून गुणोत्तरं काढली. फ्लू आणि न्यूमोनियाचं गुणोत्तर सुमारे ०.७० आलं, म्हणजे एका रात्रीत तीस टक्के मृत्यू त्या खात्यातून उठून दुसरीकडे गेले. अल्झायमरचं आलं सुमारे १.५५, कारण आधी मनोभ्रंशाच्या दुसऱ्या कोडखाली जाणारे मृत्यू आता इकडे आले. हृदयविकाराचं जवळजवळ १ राहिलं.

तीन उपाय आहेत. गुणोत्तर प्रसिद्ध झालेलं असेल तर जुनी मालिका त्यानं गुणा. नसेल तर मॉडेलमध्ये त्या वर्षासाठी पायरीचं वेगळं पद ठेवा. दोन्ही जमत नसेल तर कारणांचे गट इतके मोठे करा की देवाणघेवाण गटाच्या आतच मिटेल. मला तिसरा उपाय आवडतो, कारण त्यात आपण हुशारी कमी करतो. सहा ते दहा गट बहुतेक कामांना पुरतात: रक्ताभिसरण, कर्करोग, श्वसन, संसर्गजन्य, बाह्य कारणं म्हणजे अपघात-आत्महत्या-हिंसा, मधुमेह व चयापचय, मनोभ्रंश व मज्जासंस्था, आणि उरलेली.

५. ली-कार्टर पद्धत साध्या भाषेत सांगाल का?

रोनाल्ड ली आणि लॉरेन्स कार्टर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेच्या मृत्युदरांसाठी ती मांडली, आणि आजही प्रत्येक नवी पद्धत तिच्याशीच ताडून बघितली जाते. मृत्युदराचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा आणि त्याचे तीन तुकडे करायचे: प्रत्येक वयाची नेहमीची पातळी, वर्षागणिक सरकणारा एकच निर्देशांक, आणि त्या निर्देशांकाला कोणतं वय किती साथ देतं ते प्रमाण. पुढचा अंदाज काढायचा तो फक्त त्या निर्देशांकाचा. बाकीचे दोन तुकडे गोठवलेले.

निर्देशांक पुढे नेण्यासाठी बहुधा 'ओढ असलेला रँडम वॉक' वापरतात, म्हणजे दरवर्षी एक ठरावीक सरक (ती ओढ) आणि तिच्यावर योगायोगानं होणारं भटकणं. इथं एक गोष्ट पाठ्यपुस्तकं पटकन ओलांडून जातात. या ओढीचं नेहमीचं गणित म्हणजे शेवटच्या वर्षाचा निर्देशांक वजा पहिल्या वर्षाचा, भागिले मधली वर्षं. मधे काय घडलं याला त्यात काडीची किंमत नाही! एकूण मृत्युदर वर्षानुवर्षं साधारण एकाच चालीनं घटत आला असेल तर हे खपून जातं. कारणनिहाय दर मात्र डोंगरासारखे चढतात आणि उतरतात. अमेरिकेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणाऱ्या मृत्यूंचा दर १९६८ च्या आसपास शिखरावर होता. मालिका १९४० पासून घेतली की १९७० पासून, यावर ओढीचा आकडा केवढा बदलेल ते आलेखावर पट्टी ठेवून बघा. सुरुवातीचं वर्ष निवडणं ही इथं तांत्रिक बाब नसते. अंदाजाचा निम्मा भाग तिथंच ठरून जातो.

६. मग प्रत्येक कारणाला वेगळं ली-कार्टर लावून शेवटी बेरीज केली तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त केली जाणारी चूकही. उदाहरण घेऊ, आकडे माझे, हिशेब तुम्ही कागदावर करा.

एका लोकसंख्येत लाखामागे १,००० मृत्यू. त्यातले ८०० 'अ' कारणानं, जे दरवर्षी ३ टक्के घटतंय. २०० 'ब' कारणानं, जे दरवर्षी १ टक्का वाढतंय. आज एकूण घट होते २४ वजा २, म्हणजे २२, म्हणजे २.२ टक्के.

एकूण दर २.२ टक्क्यांनी घटवत नेला तर ३० वर्षांनी सुमारे ५१३ येतो. कारणं वेगळी नेली तर 'अ' ३२१ वर येतं, 'ब' २७० वर जातं, बेरीज ५९१. साठ वर्षांनी फरक डोळ्यांत भरतो: एकूणवरून २६३, बेरजेवरून ४९२. आणखी एकदोन वर्षांत तर बेरीज चक्क वाढायला लागते, कारण घटणारं कारण संपत आलेलं असतं आणि वाढणारं एकटंच उरतं.

जॉन विल्मथ यांनी १९९५ मध्ये हेच गणितानं दाखवलं. प्रत्येक कारणाचा दर ठरावीक टक्क्यांनी पुढे नेला तर लांब पल्ल्यात सगळ्यात हट्टी कारणाचंच राज्य येतं, आणि बेरीज एकूण अंदाजापेक्षा निराशावादी निघते. कारणं वेगळी केल्यानं नवं ज्ञान मिळालं म्हणून ती निराशावादी नसते. टक्केवारीच्या गणिताचा तो स्वभाव आहे.

मग खरं कोण? इतिहास एकूण अंदाजाच्या बाजूनं झुकतो. जिम ओपेन आणि जेम्स व्हॉपेल यांनी २००२ मध्ये दाखवलं की जगातल्या त्या त्या वेळच्या सर्वांत पुढच्या देशातलं स्त्रियांचं सरासरी आयुर्मान १८४० पासून दर दशकाला जवळजवळ अडीच वर्षांनी वाढत आलं आहे, आणि तज्ज्ञांनी वेळोवेळी सांगितलेल्या 'कमाल मर्यादा' एकामागून एक मोडत गेल्या. वाढणारं कारण कायम वाढत नाही. ते डोळ्यांवर आलं की त्याच्यावर पैसा, औषध, कायदा सगळं येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जठराचा कर्करोग हा कर्करोगांतला मोठा मारेकरी होता; पुढे तो घटत गेला, आणि त्यात शीतकपाटाचा वाटा बराच होता असं मानतात. असं वळण टक्केवारीच्या रेषेत आधी दिसत नाही.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाचे ॲक्चुअरी मात्र दीर्घ काळ कारणनिहाय गृहीतकांवरूनच अंदाज बांधत आले आहेत, आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी त्यावर 'फार सावध' अशी टीका वारंवार केली आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

७. बेरीज जुळेल अशी एखादी पद्धत नाही का?

आहे. 'संरचनात्मक माहितीचं विश्लेषण' म्हणा किंवा लोक म्हणतात तसं 'कोडा'. कल्पना वाण्याच्या दुकानातली: पाकीट एक किलोचंच राहणार, त्यात डाळ वाढवली तर तांदूळ कमी करावाच लागेल. सगळी माणसं कधी ना कधी मरतातच. जीवनसारणीत, म्हणजे वयागणिक किती जण मरतात आणि किती उरतात याच्या तक्त्यात, जन्मलेले १,००,००० जण धरले तर वय आणि कारण यांच्या सगळ्या चौकटींतले मृत्यू मिळून १,००,०००च व्हायला हवेत. एका चौकटीतला मृत्यू टळला की तो पुढच्या वयात, दुसऱ्या कुठल्या तरी कारणाखाली, दाखल होतो.

ओपेन यांनी २००८ मध्ये या चौकटींच्या वाट्यांवर गुणोत्तरांचा लॉग घेऊन, त्यावर ली-कार्टरसारखीच फोड करून अंदाज बांधायला सुरुवात केली. गणिताचा पाया जॉन एचिसन यांनी १९८० च्या दशकात घातला होता. मृत्यू कुठून कुठे सरकताहेत हे यात स्पष्ट दिसतं. साध्या ली-कार्टरपेक्षा आयुर्मानाचा अंदाज बहुधा थोडा आशावादी येतो, आणि प्रश्न ६ मधली अतिरेकी बेरीज टळते, कारण कुठल्याही कारणाचा वाटा एकाच्या वर जाऊच शकत नाही.

अडचण शून्यांची. दहा वर्षांच्या मुलांत मनोभ्रंशाचे मृत्यू शून्य, आणि शून्याचा लॉग निघत नाही. लोक तिथं बारीकसा आकडा टाकतात; तो किती बारीक टाकला यावर निकाल हलतो. म्हणून वयोगट रुंद करा, किंवा अशक्य चौकटी विश्लेषणातून आधीच वगळा. दुसरी गोष्ट: एका कारणाचा वाटा वाढला म्हणजे तो आजार वाढला असं वाचू नका. बाकीचे घटले असतील.

८. कारणं एकमेकांशी बांधलेली आहेत, तर ती एकत्रच का नाही चालवायची?

तसं करणारी मॉडेलं आहेत. सेव्हरीन आर्नोल्ड आणि मायकेल शेरिस यांनी कारणांच्या मालिकांतलं 'सहसमाकलन' वापरून, म्हणजे दोन मालिका इकडेतिकडे भटकल्या तरी त्यांच्यातलं अंतर दीर्घकाळात टिकून राहतं का ते तपासून, असे अंदाज काढले. रक्तदाबावरची औषधं हृदयविकार आणि पक्षाघात दोन्ही कमी करतात, तेव्हा त्या दोन मालिका एका दाव्याला असणार हे पटतं.

पण वर्षाला एक या हिशेबानं आपल्याकडे ५०-६० बिंदू असतात, आणि पाच कारणांच्या परस्परसंबंधांना डझनावारी गुणक लागतात. कसोट्या काठावर निकाल देतात. मालिकेतली चार वर्षं इकडेतिकडे केली की संबंध बदलतो. गेल्या पन्नास वर्षांचा कारणांमधला संबंध समजून घ्यायला ही पद्धत मी वापरीन. पुढच्या तीस वर्षांचा आकडा तिच्या भरवशावर देणार नाही.

९. तंबाखूसारख्या सवयींचा परिणाम पिढीनुसार दिसतो. तो कोणती पद्धत पकडते?

वय-काळ-पिढी मॉडेल. फुप्फुसाच्या कर्करोगाला याच्याशिवाय हात लावू नये. सिगारेट विसाव्या वर्षी लागते आणि मारते साठी-सत्तरीत, म्हणून आजच्या साठीतल्यांचा दर आजच्या धूम्रपानावर नाही, त्यांच्या तरुणपणीच्या धूम्रपानावर ठरतो. अमेरिकेत पुरुषांचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्युदर १९९० च्या आसपास शिखरावर पोचून उतरू लागला, स्त्रियांचा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कारण स्त्रिया त्या सवयीत उशिरा आल्या. १९८५ मध्ये नुसती काळाची रेषा ओढणारा माणूस पुरुषांचा उतार चुकवून बसला असता. जन्मवर्षांकडे बघणाऱ्याला तो येताना दिसला असता.

खोच अशी की वय अधिक जन्मवर्ष म्हणजेच आजचं साल. तीनपैकी दोन माहीत असले की तिसरं आपोआप येतं, त्यामुळे तिन्हींचे सरळ कल वेगवेगळे काढताच येत नाहीत. वक्रता काढता येते, कल नाही. सॉफ्टवेअर कुठलं तरी बंधन घालून उत्तर देतंच. ते बंधन कोणतं हे तपासल्याशिवाय 'पिढीचा परिणाम' म्हणून काही छापू नका. पुढचा अंदाज काढताना मात्र हा पेच थोडा सैल होतो: कल सरळ रेषेत पुढे नेला तर तो तिघांत कसाही वाटला तरी बेरीज तीच राहते. पिढीचा कल कुठे दाबून, वाकवून पुढे नेलात की हे संरक्षण जातं.

आपल्याकडे हाच विचार तोंडाच्या कर्करोगाला लावायला हवा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. तिचा परिणाम झाला असेल तर तो आधी तिशी-चाळिशीतल्यांत दिसेल, सगळ्या वयांच्या एकत्र दरात पुष्कळ नंतर.

१०. उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान हे घटक मॉडेलमध्ये घातले की अंदाज सुधारतो ना?

सुधारतो असं वाटतं. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी १९९७ मध्ये जगाचे २०२० पर्यंतचे कारणनिहाय आकडे मांडले ते दरडोई उत्पन्न, शिक्षण, तंबाखू आणि काळ यांच्या आधारे. कॉलिन मॅथर्स आणि डेयान लोनचार यांनी २००६ मध्ये तेच काम २०३० पर्यंत नेलं, तेव्हा जुन्या अंदाजात एचआयव्हीचा प्रसार फारच कमी धरला गेल्याचं त्यांना नोंदवावं लागलं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये २०४० पर्यंतचे, २५० कारणांचे आणि १९५ देशांचे अंदाज आले.

मुख्य अडचण ही की उद्याचा मृत्युदर काढायला उद्याचं उत्पन्न लागतं, आणि तेही कुणीतरी अंदाजानंच काढलेलं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तंबाखूचं तसं नाही. तिथं मधे वीस-तीस वर्षांचं अंतर असल्यानं 'उद्याचं' कारण आजच मोजता येतं. अशा सावकाश घटकांसाठी ही पद्धत सोन्यासारखी. 'सिगारेटवरचा कर वाढवला तर काय' असे प्रश्न सोडवायलाही हीच लागते.

११. शेवटी सांगा, सर्वांत चांगली पद्धत कोणती?

कशासाठी, हे कळल्याशिवाय मी उत्तर देत नाही. तुलना कशी करायची ते सांगतो.

समजा १९७० ते २०१९ ची माहिती आहे. सगळ्या पद्धतींना १९९० पर्यंतचीच माहिती द्या आणि पुढची दहा वर्षं काढायला लावा. मग १९९१ पर्यंतची द्या, मग १९९२ पर्यंतची, असं २००९ पर्यंत. एकाच कापणीवर, म्हणजे माहिती एकाच वर्षी तोडून, निकाल देऊ नका. त्या वर्षी नशीब कुणाच्या बाजूनं होतं एवढंच त्यातून कळतं. स्पर्धेत दोन 'अडाणी' स्पर्धक हवेतच: एक म्हणतो उद्या आजच्यासारखाच, दुसरा म्हणतो गेल्या काही वर्षांची ओढ तशीच पुढे. पाच-दहा वर्षांच्या पल्ल्यात या दुसऱ्यानं भल्याभल्यांना घाम फोडलेला मी पाहिलाय.

चूक मोजताना टक्केवारी टाळा. वीस वर्षांच्या तरुणांतले पक्षाघाताचे २ मृत्यू ४ निघाले की १०० टक्के चूक, आणि पंच्याऐंशीतले ५,००० चे ५,५०० झाले की फक्त १० टक्के. पण खाटा कमी पडतील त्या दुसऱ्या चुकीनं. कारणनिहाय चूक आणि बेरजेची चूक वेगळी मांडा, कारण दोन कारणांतल्या उलट चुका बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात आणि वाईट मॉडेल साळसूद दिसतं. वर्गीकरण बदलाचं वर्ष (प्रश्न ४) चाचणीच्या काळात येत असेल तर आधी मालिका दुरुस्त करा, नाहीतर तुम्ही पद्धतींची नाही, कोडिंगच्या कारकुनाची परीक्षा घेताय.

माझा कल विचाराल तर: एकूण आयुर्मान हवं असेल तर कारणांत जाऊ नका, कारणांचे वाटे हवे असतील तर कोडा, तंबाखूशी बांधलेले कर्करोग असतील तर पिढीचं मॉडेल, आणि पाच वर्षांच्या आतलं नियोजन असेल तर अलीकडची ओढ पुढे न्या.

१२. अंदाजाच्या दोन बाजूंना जो पट्टा दाखवतात तो किती खरा?

बहुधा अरुंद. मूळ ली-कार्टरमध्ये पट्टा फक्त निर्देशांकाच्या भटकण्यातून येतो; बाकीचे दोन तुकडे अचूक माहीत आहेत असं धरलेलं असतं. मॉडेलच चुकीचं असण्याची शक्यता तर कुठेच मोजलेली नसते. तपासणी सोपी आहे: प्रश्न ११ मधल्या कापण्यांत ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात प्रत्यक्ष आकडा किती वेळा पडला ते मोजा. सत्तर टक्के वेळाच पडला तर पट्ट्यावरचं ९५ खोडून ७० लिहा.

१३. आमच्या जिल्ह्यासाठी असा अंदाज काढता येईल का?

जपून. सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ होती. मृत्युदर दर हजारी ८ धरला तर वर्षाला सुमारे ६,८०० मृत्यू. १८ वयोगट, स्त्री-पुरुष आणि १० कारणं म्हणजे ३६० चौकटी. सरासरी एका चौकटीत १९ मृत्यू, आणि सरासरी फसवी, कारण बहुतेक मृत्यू म्हातारपणाच्या मोजक्या चौकटींत एकवटलेले. ९ मृत्यू दिसत असतील तर केवळ योगायोगानं खरी सरासरी ४ पासून १७ पर्यंत कुठेही असू शकते. त्यावर कल ओढणं म्हणजे वाळूत रेघ.

इथं लॉगवरच्या साध्या रेषेऐवजी मृत्यूंची संख्या पॉयसाँ वाटणीची (विरळ घटनांच्या मोजणीला लागू पडणाऱ्या वाटणीची) मानणारं मॉडेल घ्या, आणि शेजारचे जिल्हे, शेजारची वयं, शेजारची वर्षं यांच्याकडून बळ उसनं घेणारी बेझियन रचना वापरा. त्यातून जिल्ह्याचा आकडा विभागाच्या सरासरीकडे ओढला जातो. लोकांना ते आवडत नाही. 'आमचा जिल्हा वेगळा आहे' असं ऐकायला मिळतं. असेल, पण ९ मृत्यूंवरून ते कळत नाही.

ग्रामीण भागासाठी बार्शीची कर्करोग नोंदणी हा मोठा आधार आहे. ती १९८७ पासून चालू आहे. मुंबईची त्याहून जुनी, १९६३ ची. शहर आणि खेडं शेजारी ठेवून बघायला याहून चांगली जोडी आपल्याकडे नाही.

१४. कर्करोग उद्या नाहीसा झाला तर आयुर्मान किती वाढेल?

लोक दहा-पंधरा वर्षं म्हणतात. अमेरिकेच्या जीवनसारण्यांवरून उत्तर येतं सुमारे तीन. कर्करोगातून वाचलेला माणूस अमर होत नाही. बहुधा काही वर्षांनी हृदयविकार त्याला गाठतो. डॅनिएल बर्नुली यांनी १७६० मध्ये देवीच्या रोगाबद्दल असाच हिशेब केला होता आणि सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जाईल असं काढलं होतं.

या सगळ्या हिशेबांत कारणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरलेलं असतं. ती तशी नसतात. धूम्रपान करणाऱ्याला कर्करोगातून वाचवलं तरी त्याचं हृदय धूम्रपान करणाऱ्याचंच राहतं. आणि इथं कितीही माहिती गोळा केली तरी उपयोग नाही: प्रत्येक माणूस एकाच कारणानं मरतो, त्यामुळे स्वातंत्र्य आहे की नाही हे केवळ मृत्यूंच्या आकड्यांवरून तपासताच येत नाही. अनास्तासियोस त्सियाटिस यांनी १९७५ मध्ये ते सिद्ध केलं.

१५. कोविडची वर्षं मालिकेत ठेवायची की काढायची?

अमेरिकेत आयुर्मान २०१९ मध्ये ७८.८ होतं, २०२० मध्ये ७७.० झालं, २०२१ मध्ये आणखी घसरलं. मालिका २०२१ ला संपवलीत तर प्रश्न ५ मधली ओढ पूर्ण नासते, कारण ती फक्त टोकांकडे बघते. २०१९ पर्यंत कल बसवा, कोविडला स्वतंत्र कारण ठेवा, आणि बाकीच्या कारणांतही त्या दोन वर्षांना कमी वजन द्या. मधुमेह आणि हृदयविकाराच्या खात्यांत कोविडचे मृत्यू लपलेले असतात.

साथींचा अंदाज ही मुळात वेगळी विद्या. तिच्या उगमाशी मुंबई आहे, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं: केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जी वक्ररेषा दाखवली, ती डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या आठवडी मृत्यूंवर बसवलेली आहे. रेषा सुरेख बसते. पण ती वीस वर्षांनंतर बसवलेली, आणि उंदीर-पिसवांचा हंगाम त्या समीकरणात नाही. मुंबईत प्लेग तर वर्षानुवर्षं ठरल्या मोसमात परत येत होता.

१६. अचानक वळण घेणाऱ्या कारणांचं काय? ती पकडणारी पद्धत आहे?

नाही. अमेरिकेत एड्स १९९५ पर्यंत २५ ते ४४ वयातल्यांच्या मृत्यूंचं अग्रगण्य कारण झालं होतं; १९९६ मध्ये संयुक्त औषधोपचार आले आणि पुढच्याच वर्षी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. १९९५ ला थांबलेली कुठलीही मालिका हे सांगू शकत नव्हती. औषधांच्या चाचण्या वाचणारा डॉक्टर कदाचित सांगू शकला असता. अशा कारणांसाठी दोन-तीन शक्यता वेगवेगळ्या मांडा आणि त्यांची सरासरी काढू नका. वर जाणारी आणि खाली जाणारी रेषा यांच्या मधोमधची आडवी रेषा हे कुणाचंच म्हणणं नसतं.

१७. यंत्रशिक्षण वापरलं तर?

एका देशाच्या साठ बिंदूंवर नाही. बरेच देश आणि दोन्ही लिंगं एकत्र शिकवली तर न्यूरल जाळी ली-कार्टरवर मात करू शकते; रोनाल्ड रिचमन आणि मारियो व्यूट्रिख यांनी तसं दाखवलंय, पण एकूण मृत्युदरासाठी. कारणनिहाय कामात प्रत्येक देशाच्या कोडिंगच्या सवयी वेगळ्या, आणि जाळं त्या सवयीही तितक्याच तत्परतेनं शिकतं.

१८. गंभीर आजार विम्याची किंमत ठरवायला हे अंदाज चालतील?

थेट नाही. तो विमा आजार झाल्यावर पैसे देतो, मेल्यावर नाही. स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू घटत असताना निदानं वाढत असू शकतात. तुम्हाला नोंदणी केंद्रांचे नव्या रुग्णांचे आकडे लागतील.

१९. एमएस्सीच्या प्रकल्पाला सुरुवात कुठून करू?

भारताच्या माहितीपासून नको. सहा महिने साफसफाईत जातील. 'ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस'मध्ये भारत नाहीच. एखादा नीट नोंदींचा देश निवडा, जागतिक आरोग्य संघटनेच्या मृत्यू-विदागारातून त्याची कारणनिहाय संख्या घ्या, आणि 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये आधी एकूण दरांवर ली-कार्टर चालवा. 'डेमोग्राफी' हे पॅकेज पुरतं. मग सहा गट करून तेच कारणांवर चालवा आणि प्रश्न ६ मधली बेरीज स्वतःच्या आकड्यांवर घडताना बघा. त्यानंतर कोडा. शून्यांच्या जागी काय टाकलंत ते प्रबंधात लिहा. परीक्षक तोंडी परीक्षेत तेच विचारतात. मी तरी विचारतो.